गुलाबबाई जेवायला गेल्या

पावणेसहाला गुलाबबाई नातीच्या हॉटेलात शिरल्या आणि रस्त्याकडच्या मोठ्या काचेजवळ बसल्या. बाकीची टेबलं रिकामी होती. वेताचे दिवे उगाच जळत होते.

मुस्कान स्वयंपाकघरातून धावत आली. "दादी, दादाजींना माहीत आहे?"

"त्यांच्या दुकानावरूनच आले. चालत."

हॉटेल उघडून आठ दिवस झाले होते. मुस्कान सुरतेत एका ब्राझिली-जपानी बाईच्या हाताखाली चार वर्षं राबली होती. तेच जेवण तिनं नंदुरबारात आणलं, पण शुद्ध शाकाहारी, घरच्या जैन रीतीचं. तिच्या आजोबांनी, किशनलालांनी, आपल्या मिरचीच्या दुकानात बसून एवढंच म्हटलं होतं, "घरची मुलगी परक्यांना ताटं वाढणार असेल, तर आमच्यातलं कुणी तिथं पाय ठेवणार नाही." बाकीचं बाजारानं जोडून घेतलं. जपानी म्हणजे मासे असणारच. आठ दिवसांत ओळखीचं एकही माणूस फिरकलं नव्हतं.

"दिवस मावळायच्या आत वाढ," गुलाबबाई म्हणाल्या.

जवळच्या कोरीट गावची चेतना वाढायला होती. तिनं काळं दगडी ताट समोर ठेवलं. गुलाबबाईंनी त्यातली एक गुंडाळी बोटानं दाबून पाहिली.

"हाई काय शे?" दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अहिराणी त्यांच्या जिभेवर बसली होती.

"भात शे, आजी. मजारमा काकडी. कंदमूळ काहीच नही."

वाटीत नारळाच्या दुधात शिजलेली कच्ची केळी होती, वर मिरचीचा लाल तवंग. जेवायच्या जपानी काड्या बाजूला सारून त्या हातानं जेवू लागल्या.

"मिरची आपली?"

"बाजारातून आणली," मुस्कान म्हणाली. "आपल्या दुकानात मला देत नाहीत."

गुलाबबाईंनी वाटी पुढे केली. मग म्हणाल्या, "केळी अजून घाल."

तेवढ्यात किशनलाल आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांच्या मागे बाजारातले दोघे-तिघे थबकले.

"घरी चल."

"जेवते आहे."

"लोक बघताहेत."

"म्हणून तर काचेजवळ बसले."

"त्यात काय काय घातलंय, ठाऊक आहे तुला?"

"विचारून घेतलंय. तुम्ही विचारलं नाहीत."

किशनलालांचा आवाज खाली आला. "आपल्या घरच्या मुलीनं परक्यांना वाढायचं?"

गुलाबबाईंनी घास संपवला. "पन्नास वर्षांपूर्वी मी तुम्हाला पहिलं ताट वाढलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हीही परकेच होता."

मुस्कान खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

गुलाबबाईंनी पेल्यातलं पाणी ताटात ओतलं. अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून घरी रोज करत तसं बोटानं ताट चारी बाजूंनी धुतलं, भाताचं शेवटचं शीतही सोडवलं. मग दोन्ही हातांनी ते जड ताट उचललं आणि नवऱ्याकडे बघत ते पाणी पिऊन टाकलं.

"झालं?" किशनलाल म्हणाले. "आता ऊठ."

गुलाबबाईंनी वाटी जवळ ओढली आणि तिच्यात पाणी ओतलं.