काविळीची माळ

काविळीवर माळ देणारे शिरपाआबा प्रसूतिकक्षात आले, तशी त्यांच्या विधवा सुनेने नवजात लेक छातीशी घट्ट धरली.

"आबा, माळ नको. माझ्या रक्तातला हिपॅटायटिस बी हिला लागू नये, म्हणून आजच लस द्यायची आहे."

"माळ डोक्यावरून पायांशी उतरली, तरी विषाणू यकृतातच राहतो, आबा," परिचारिका जपून म्हणाली.

"मला शिकवतेस होय, पोरी?" आबा खाटेपाशी टेकले. "हिच्या बापाला माळ मीच घातली. पायांशी उतरली, तशी कावीळ गेली म्हणून पेढे वाटले. आठवड्यात माझा पोरगा गेला." ते परिचारिकेकडे वळले. "लस टोच. हिचे पाय मी धरतो. शिव्या द्यायच्या तर ही मला देईल."

सुनेची मिठी सैल झाली. तिने लेक त्यांच्या ओंजळीत ठेवली.