विदर्भावरची सावली

भर मे महिन्यात, भरदुपारी नागपूरकर डोक्याला दुपट्टा न बांधता हिंडत होते. ऊन अडवायला गरीब देशांनी मिळून अंतराळात ताणलेला पडदा अजून विदर्भावरच होता. खरं तर गेल्या आठवड्यापासून सावलीची पाळी इथिओपियाची होती.

पडद्याच्या नियंत्रण कक्षात डेरेजे मृदुला ठोंबरेच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तो इथिओपियाचा प्रतिनिधी, आणि कित्येक वर्षांचा तिचा शेजारी.

“पडदा कधी हलवताय, ताई?”

“वरून आदेश आला की.”

“माझ्या गावात माणसं मरताहेत. परवा मामा गेला.”

“इथेही माणसंच राहतात!” ती नको तितक्या जोरात बोलली. “आणि पडदा वर नेला कुणाच्या यानांनी? विसरलास?”

डेरेजेने हातातली पिशवी उघडली. “श्रीमंत देशही असंच बोलायचे. फक्त ते आम्हाला भाऊ म्हणत नव्हते.”

त्याने पिशवीतून तिचा स्टीलचा डबा काढला, टेबलावर आपटला आणि तडक निघून गेला.

त्या डब्यातून तिने त्याला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तेव्हापासून डब्यात कधी कॉफीच्या बिया यायच्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर यायची.

“माजलेत सगळे,” मृदुला पुटपुटली आणि तिने झाकण उघडलं.

डबा लख्ख घासलेला होता. आत साखरेचा दाणाही नव्हता.