अठरा नंबरची खाट

"दिवा लागला, दार लोटते, माझी पाखरं मोजून घेते!"

बालगृहातल्या शेवंतामावशीची ही हाक आली की प्रत्येक मुलगी आपल्या खाटेचा नंबर ओरडायची. माझा सतरा. शेजारची अठरा नंबरची खाट कायम रिकामी. तरी माझ्यानंतर मावशी थांबायची, दाराकडे बघायची. "शिकायला गेलीय ती. येईल." आम्ही कुणीच तिला पाहिलं नव्हतं. त्या खाटेकडे पाठ करून मी मात्र कधी झोपले नाही.

मावशी वारली. मी कॉलेजात आले. अर्जावर बालगृहाचं नाव वाचून होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी तो चटकन पालथा घातला आणि मला एकटीला खोली दिली. रोज दिवेलागणीला मावशीची हाक भिंतीतून यायची. माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "सतरा." त्यापुढची शांतता अंगावर यायची. एकविसाव्या दिवशी मी बॅग भरली.

"पळतेस होय गं?" मॅडम दारात उभ्या होत्या. "जायला कुठं घर आहे तुला?"

"नाही. पण इथं मला कुणी मोजत नाही, मॅडम."

व्हरांड्यातला दिवा लागला आणि भिंतीतून हाक आली. मी ओठ दाबले, तरी निसटलंच, "सतरा."

मॅडमनी दचकून त्याच भिंतीकडे पाहिलं. त्यांनीही ती हाक ऐकली होती. मग एखाद्या लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "अठरा."