अकरा वाजू द्या

"सही करा की, मॅडम. वाचण्यासारखं काय आहे त्यात?" व्यवस्थापक कमलेश सावेंनी कागद हेमांगीपुढे सरकवला.

कागदावर एकच ओळ टाइप केलेली होती : सर्व्हर तपासला, कोणताही दोष नाही. खाली सहीला जागा. शेजारी दुसरं पत्र तयार होतं, दीपिका मेहेर हिला कामावरून कमी करण्याचं. हेमांगीच्या अहवालाचा हवाला त्यात देऊनही झाला होता. निकाल लागला होता, तपास तेवढा व्हायचा राहिला होता.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला हा रंगांचा कारखाना. गेटपास निघाल्याशिवाय मालाची गाडी बाहेर पडत नाही, आणि गेटपास काढायला दीपिका एकटी. गेला महिनाभर दुपार झाली की गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जात होती. हेमांगी पालघरहून आली होती. कंपन्यांचे सर्व्हर तपासणं हेच तिचं काम. दहा वाजल्यापासून तिने काळ्या पडद्यावर आयओस्टॅटची कमांड चालू ठेवली होती. डिस्क किती गुंतली आहे, ते दर दोन सेकंदांनी उमटत होतं. सहा टक्के. चार. सात. डिस्क अगदी निवांत होती.

"बघा. मशीन ठणठणीत आहे," सावे म्हणाले. "दोष आहे तो हिच्या हातांत. कॅमेऱ्यात रोज बघतो ना मी! नुसती बसलेली असते. बोंबील वाळत घालून राखण करतेय जशी."

शिरगावच्या कोळ्यांची दीपिका समोरच उभी होती. सावे हे तिच्या तोंडावर बोलले, आणि वर हसले. हेमांगीला ते हसणं बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

दीपिकाने सावेंकडे पाहिलंच नाही. "मॅडम, अकरा वाजू द्या," ती म्हणाली. "अकरापरेंत सगलं बरं चालतं. मंग मी बटन दाबते नि ते गोल फिरतच ऱ्हातं. मी काय करू, सांगा? मागं ते दादा तपासाला आलेले, ते पन नऊलाच येऊन गेले. अकराला कोनीच बघत नाय."

"कामचुकारांना काय, कारणं हजार!" सावे म्हणाले.

हेमांगीने पेनाला टोपण लावलं. "दहा मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही, सर. तोवर चहा सांगा."

चहा यायच्या आत अकरा वाजले, आणि पडद्यावरचे आकडे उसळले. अठ्ठ्याण्णव. शंभर. शंभर. शंभर. एक नोंद डिस्कवर लिहायला सकाळी चार मिलिसेकंद लागत होते, आता नऊशे लागत होते. एका गेटपासमागे अशा दीडशे नोंदी. म्हणजे एकेका गेटपासाला दोन मिनिटांच्या वर! खिडकीबाहेरून ड्रायव्हर ओरडला, "अरे दीदी, पर्ची निकालो ना!" दीपिकाने जागेवर बसून बटण दाबलेलं होतं. आता हात मांडीवर ठेवून बसण्याखेरीज ती दुसरं काय करणार होती?

डिस्क कोण अडवतंय ते पाहायला हेमांगीने आयओटॉप चालवलं. पहिल्याच ओळीत फायली कॉपी करणारा एक प्रोग्राम धो धो लिहीत सुटला होता. तो कोणी लावला म्हणून तिने सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची यादी उघडली. ते काम लावणाऱ्याने वर टीप लिहून ठेवली होती : रोज अकरा वाजता कॅमेऱ्यांचं चित्रण इथे साठवणे, कमलेश सरांच्या सूचनेवरून. तारीख बरोबर महिन्यापूर्वीची.

जेवण झाल्यावर साहेबांना कोण बसलंय ते निवांत बघता यावं, म्हणून अख्ख्या कारखान्याचं चित्रण त्याच डिस्कवर ओतलं जात होतं, जिच्यावर गेटपास लिहिले जात होते. दीपिकाला अडवायचं, आणि वर ती बसून असते म्हणून तिलाच काढायचं! हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी ऐकलं होतं. इथे तर चोरच न्यायाला बसला होता.

तिने एका कमांडने ते कॉपी करणं थांबवलं. आकडा सहावर आला. बाजूचा प्रिंटर खडखडला, अडकलेला गेटपास बाहेर पडला आणि दीपिकाने पुढचे चार एकापाठोपाठ काढले.

सावेंनी टीप वाचली. मग हसले. "चला, सापडलं ना? छान झालं. तांत्रिक अडचण होती, दूर केली, एवढंच लिहा. कॅमेऱ्यांचं नको. माझं नाव तर मुळीच नको, वरच्या लोकांत वाईट दिसतं."

"महिनाभर हिचं नाव चाललं की, सर!" हेमांगीचा आवाज चढला. "या पत्रात तर बापाच्या नावासकट आहे."

"मॅडम, तुमचं पुढच्या वर्षीचं कंत्राट माझ्याच सहीने होतं. विसरू नका."

हेमांगी विसरली नव्हती. तिने समोरचा एका ओळीचा कागद फाडला आणि कीबोर्ड दीपिकाकडे फिरवला.

"दीपिका, तुम्ही टाइप करा, मी सांगते. डिस्क कशाने अडली, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून. सगळं."

दीपिकाने खुर्ची पुढे ओढली. "सायबांचं पुरं नाव लिवू ना, मॅडम?" तिने विचारलं, पण उत्तराला थांबली नाही. सावे खुर्चीतून उठायच्या आत पडद्यावर आलेलं होतं : कमलेश रमाकांत सावे, व्यवस्थापक. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.