सातव्या मजल्यावरचं कुलूप

विषयाच्या ओळीत लेकीनं लिहिलं होतं, 'नवं घर झकास, बाल्कनी मोठी!' आणि त्याखाली पानभर नुसती गिचमिड. आकडे, अक्षरं, मधेच एखादं अधिकचं चिन्ह. सरांनी ईमेल खालपर्यंत सरकवली, परत वर आणली. पत्र कुलूपबंद होतं आणि किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

किल्ली जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेली. चार दिवसांपूर्वी त्याच्या डिस्कनं मान टाकली. 'प्रत काढून ठेवा रे गाढवांनो' म्हणत तीस वर्षं वर्गात घसा कोरडा करणाऱ्या माणसानं स्वतःच्या किल्लीची एकही प्रत ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

सर नेटवर्किंग शिकवायचे. पोरं त्यांना पाठीमागे 'सातमजली' म्हणायची, कारण नेटवर्क म्हणजे सात मजल्यांची इमारत, हे त्यांचं पालुपद. तळाला तारा, माथ्यावर माणसं. "खालच्या मजल्यांवरची कुलपं फक्त रस्ता राखतात," ते सांगायचे. "मधल्या प्रत्येक ठाण्यावर पत्र उघडंच पडतं. पत्राचं स्वतःचं कुलूप लागतं ते थेट सातव्या मजल्यावर, लिहिणाऱ्याच्या हातानं. पुस्तकात सहावा मजला छापलाय. पुस्तकवाल्यानं जन्मात पत्र लिहिलेलं दिसत नाही!" वर्ग हसला की पुढचं वाक्य ठरलेलं. "पण विषयाची ओळ कुलपाबाहेर राहते. तिथे पोस्टमनलाही आवडेल असंच लिहा."

लेक हे सगळं जेवणाच्या टेबलावर शिकली होती. लग्न होऊन दूर गेल्यावर तिनंच म्हटलं, "बाबा, आपण पत्रंच लिहू. कुलूप लावून." सरांना केवढा आनंद झाला! फोनवर तसंही दोन मिनिटांच्या वर बोलणं व्हायचं नाही. जावई शेजारीच असायचे, दिलखुलास माणूस. "बाबा, तुम्ही निर्धास्त राहा, राणीसारखी ठेवलीय," असं तेच मधे सांगून टाकायचे.

आता तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? एकदा तिच्याकडून किल्ली हरवली होती, तेव्हा सरांनी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. बाबा म्हातारे झाले, असं तिच्या मनात यायला नको. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणजे फ्रिजची घरघर. त्यात ही पत्रं तेवढी त्यांची होती. तीही गेली तर?

कुलूप लावायला तिची सार्वजनिक, म्हणजे कुणालाही देता येणारी, किल्ली पुरायची आणि ती ईमेलला जोडलेली असायचीच. आपली किल्ली लागायची ती उघडायला. म्हणजे उत्तर धाडायला काहीच अडचण नव्हती. सरांनी विषयाची ओळ पुन्हा वाचली, जरा विचार केला आणि लिहिलं, 'वा! ऐकून बरं वाटलं. अशीच आनंदात राहा, पोरी.'

मग जवळजवळ महिनाभर काही आलं नाही. एकदा फोन आला.

"बाबा, पत्र वाचलंत ना?"

"वाचलं की! शब्द न शब्द."

ती "बरं," म्हणाली. मग हवापाण्याचं थोडं बोलून तिनं फोन ठेवला.

त्यानंतरही पत्रं आली, पण तुरळक. 'ऑफिस सोडलं, आता आराम.' 'भिंतींना नवा रंग.' सर त्या एका ओळीवर अख्खं उत्तर उभं करायचे आणि कसं जमवलं म्हणून स्वतःवरच खूश व्हायचे. उघडता न येणारी पत्रं एका फोल्डरमध्ये जपून ठेवायचे. एवढी पानं भरून ती काय लिहीत असेल, या विचारानं कधीकधी ते फोल्डर उघडून नुसती गिचमिडच वरखाली करत बसायचे. शेवटी शेवटी विषयात एकच शब्द असायचा, 'मजेत'. आणि गेले तीन आठवडे तेही नाही. रमली संसारात, चांगलंच आहे, असं सरांनी स्वतःला समजावलं आणि मग थोडे रडले.

डिस्क ज्याच्याकडे टाकली होती त्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला तो थेट आठव्या महिन्यात. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. सर धावतपळत दुकानात पोचले.

"सर, तुम्ही मला भोपळा दिला होता. ईमेलचं कुलूप कुठल्या मजल्यावर, तर मी सहावा लिहिलं म्हणून."

"आणि आता?"

"सातवा, सर. दुकान चालवायचंय ना मला!" त्यानं हसत पेनड्राइव्ह पुढे केला. "डिस्क मेलीच होती, पण एक फाईल हाती लागली. नाव 'किल्ली'. नाव तरी जरा वेगळं द्यायचं, सर!"

सरांनी भर दुकानात त्याला मिठी मारली.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. पंधरा पत्रं होती, आज मेजवानीच. शेवटचं पान आधी वाचणारी माणसं त्यांना कधी आवडली नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यात जुनं, 'नवं घर झकास'वालं पत्र काढलं. परवलीचे शब्द टाकले. गिचमिड क्षणात विरघळली आणि मराठी अक्षरं उभी राहिली.

'बाबा, वर लिहिलंय ते खोटं आहे. विषय तो वाचतो, आतलं त्याला उघडत नाही. फोनवर तो शेजारी बसलेला असतो. बाबा, तो मारतो मला. मला घरी यायचंय. तुम्ही न्यायला आलात तरच मी इथून निघू शकेन, दुसरं कुणी नाही मला. आणि यायला जमणार नसेल, तर नाही म्हणून लिहू नका, ते वाचायची हिंमत नाही माझ्यात. नेहमीसारखं छानसं काहीतरी लिहा. मी समजेन.'