वडाच्या फेऱ्या

“डॉक्टर काहीही म्हणू देत, तुम्ही पळायचं नाही,” सून शलाकानं बजावलं. घोटा मुरगळल्यापासून माझे बूट तिच्या कपाटात होते. रविवारी ज्येष्ठांची शर्यत, आणि मी घरात शेपू निवडतेय!

नशिबानं वटपौर्णिमा आली. वडाला जायला कोण अडवणार? सुताची गुंडी घेऊन पहिली फेरी चालत घातली. घोटा गप्प राहिला. दुसरी भरभर घातली. मग पदर खोचला आणि सुटलेच! वाऱ्यानं बायकांची निरांजनं विझली, पारंब्या आडव्या झाल्या. खोटं वाटतं? वडाला विचारा.

“अगं, सात जन्म मीच हवा म्हणून एवढी घाई?” बाकावरून आमचे हे ओरडले.

“छे! उरकून टाकतेय!”

थांबले, तर समोर शलाका.

“दुखतंय? थापा नकोत.”

“नाही गं, देवाशप्पथ.”

तिनं वाकून घोटा दाबून पाहिला. मी हूं की चूं केलं नाही. मग ती शेजारणीकडे वळली. “या आमच्या सासूबाई. मुरगळल्या पायानं बिबट्याला मागे टाकलं होतं यांनी! रविवारी शर्यत बघायला या.”

एवढी मोठी थाप तर मलाही कधी जमली नव्हती.