सावळीरामची मिशी

"ही मिशी मी मागं एकदा उतरवलीय," गोटीराम न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला. "इथंच, रामकुंडावर. तवाबी बाप गेला म्हनला व्हता. आता परत बाप गेला म्हनतोय. एका मानसाला बाप तरी किती असत्यात, आक्काबाई?"

पायरीवरचे दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले. आज आक्काबाईच्या वडलांचा, आबांचा दहावा होता.  ती भावाच्या, सावळीरामच्या ओठावरची मिशी पाहत होती. काळीभोर, दाट, टोकं वर वळवलेली.

तिच्या डोक्यात तिडीक उठली. बाप जिता आहे तोवर मिशी उतरवायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. एखाद्याचा ओठ सपाट दिसला की लोकांनी समजायचं, याचा बाप गेला. सावळीरामनं बाप जिता असताना मिशी उतरवली होती. आणि आता बाप गेल्यावर हा भरघोस मिशी घेऊन आला होता.

आबा म्हणजे पेन्शनीतले हवालदार भिमाजी. पहिल्या महायुद्धात बसऱ्याची लढाई करून आले आणि मखमलाबादेला शेवंतीचा मळा लावून बसले. मळ्यातले वाफेसुद्धा पलटणीसारखे रांगेत. सावळीराम देवळालीच्या छावणीत शिपाई. छावणीच्या माणसानं तमाशाच्या तंबूत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी धोतर-फेटा घालून तो त्या तंबूत ढोलकी वाजवायला बसला. आबांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः देवळालीला गेले आणि आपल्या तोंडानं सुभेदाराला सांगून आले. सावळीरामच्या दंडावरची बढतीची फीत गेली. वर कोठडी मिळाली.

सुटल्यावर तो तडक घरी आला. "वर्दी खुंटीला व्हती, आबा. सुट्टीचा दिस माझा व्हता."

"वर्दी खुंटीला जाती. शिपाई जात नाय."

"मंग घरातबी मी शिपाईच का? तुमचा पोरगा मी कवा असतो?"

आबांचा आवाज चढला. "आजपासून तुझा बाप मेला! हुकूम हाय."

सावळीरामनं टाचा जुळवल्या, कडक सलाम केला आणि सरळ रामकुंडावर जाऊन मिशी उतरवून घेतली. हुकूम म्हणजे हुकूम.

पुढच्याच आठवड्यात फुलबाजारात आबांनी त्याला पाहिलं. सगळ्या बाजारानं पाहिलं. एका माळणीनं तोंडाला पदर लावून विचारलंसुद्धा, "हवालदार, तुमचा दहावा कवा झाला? आमाला जेवाया नाय बोलावलं!" आबा भरली पाटी तशीच घेऊन परतले. त्यानंतर घरात सावळीरामचं नाव निघालं नाही.

आक्काबाईनं दोघांपुढंही डोकं आपटून पाहिलं. आबा शिस्तीवर बोट ठेवायचे, सावळ्या हुकमावर. भिंतीला बोललेलं बरं, असं तिला वाटायचं.

मग या मार्गशीर्षात आबांनी एका सकाळी ट्रंकेतला जुना कोट काढला, त्यावर पदकं लावली आणि देवळालीची मोटार धरली. कडाक्याची थंडी होती. "कशाला जाताय?" तिनं विचारलं. "पेन्शनीचं काम हाय," एवढंच बोलले. उन्हं उतरता परतले ते खोकला घेऊन. खोकला छातीत बसला आणि उठलाच नाही. अंथरुणावरून मात्र सारखं विचारायचे, "रस्त्यानं कोन येतंय, बघ." काढ्याचं भांडं हातात धरून ती वैतागून म्हणायची, "कुनीबी नाय, आबा. पडून ऱ्हावा." फाल्गुनात ते गेले. सरकारच्या एका शिक्क्यापायी माझा बाप थंडीत गेला, असं ती भेटायला येईल त्याला सांगत राहिली. सावळीरामची तुकडी तेव्हा नगरकडं सरावाला गेली होती. निरोप उशिरा पोचला. अग्नी चुलतभावानं दिला.

गोटीरामनं सावळीरामचं डोकं केलं. दाढी केली. मिशीला पाणी लावून वस्तरा ओठाकडं नेला, तसा सावळीरामनं मिशीवर तळहात ठेवला.

"जरा थांब."

आक्काबाईचा धीर सुटला. घाटावर भटजी आहेत, चार लोक आहेत, हेही ती विसरली.

"का? कशापायी थांबायचं? बाप जिता व्हता तवा उतरवलीस. आता खराच गेला, तर सोडवत नाय व्हय? किती छळशील त्या मानसाला? मेल्यावर तरी सोड की रं, सावळ्या!"

सावळीरामचा हात तसाच ओठावर होता.

"आक्के," तो म्हणाला, "मार्गशीर्षात आबा छावनीच्या फाटकावर आलं व्हतं. कोट घालून, पदकं लावून. मी पहाऱ्यावर व्हतो. माझ्याम्होरं येऊन, माझ्या सपाट ओठाकडं बघत ताठ हुभं ऱ्हायलं."

आक्काबाईच्या हातातला तांब्या कलला. पाणी पायरीवरून कुंडाकडं ओघळत गेलं.

"काय म्हनलं?"

"म्हनलं, मिशी वाढव. पुरी भरली की घरी ये. हुकूम हाय."